उत्तराची घाई नको

रात्रीची जेवणं उरकलेली असतात, ओटा आवरायचा असतो, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची असते, आणि नेमकी तेव्हाच दप्तरातून ती चिठ्ठी निघते. ‘सायन्स प्रोजेक्ट उद्या आणणे.’ मग आपल्यापैकी कुणीतरी चपला पायात सरकवून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे पळतं. तो शटर ओढायच्या बेतात असतो, पण त्यालाही सवय झालेली असते. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, हवं ते तयार मिळतं. घरी येऊन बाबा चिकटवाचिकटवी करतात, आई सुवाच्य अक्षरात नावं लिहिते, आणि ज्याचा प्रोजेक्ट तो बिचारा केव्हाच झोपून गेलेला असतो.

घरोघरी हेच चालतं आणि त्यात कुणाला दोष द्यायला मी बसलेली नाही. दिवसभराची दगदग, प्रवास, घरातल्या मोठ्यांचं औषधपाणी, आणि या सगळ्यात आपल्या पोराला वर्गात खाली मान घालावी लागू नये एवढीच आपली धडपड असते.

मला बोलायचंय ते याच धडपडीबद्दल. विज्ञान मुलांनी हाताने करून, प्रश्न विचारत शिकावं असं आपल्याला सगळ्यांनाच वाटतं. शाळा निवडताना प्रयोगशाळा आपण आवर्जून बघून येतो. पण एखाद्या वर्गात खरोखरच तसं शिकवणं सुरू झालं, की सगळ्यात आधी धास्ती बसते ती आपल्यालाच. वहीत फारसं काही लिहिलेलं नसतं, धडा पुढे सरकत नाही, बाई उत्तर सांगत नाहीत. पालकांच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, की ‘ब’ तुकडीचे चार धडे झाले आणि आपला अजून दुसराच चालू आहे.

माझी लेक सहावीत आहे. तिच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला अधूनमधून पालकांना मदतीला बोलावतात. मदत म्हणजे सामान वाटायचं आणि सांडलेलं पुसायचं. अशाच एका तासाला मी मागच्या बाकावर होते. पावसाळ्याचे दिवस. बाईंनी प्रत्येक गटाला स्टीलचा एक पेला दिला, त्यात बर्फ घातलेलं पाणी. थोड्या वेळाने पेल्यांना बाहेरून थेंब आले. बाईंनी विचारलं, “हे पाणी आलं कुठून?”

“आतून पाझरलं,” एक मुलगा लगेच म्हणाला. “माठ पाझरतो ना, तसंच.”

बाई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. “बरं. आणखी कुणाला काय वाटतं?” मग एकीला वाटलं, बर्फ टाकताना उडालं असेल. एक मुलगा उठून मोठ्याने म्हणाला, “बाई, संघनन!” बाई म्हणाल्या, “छान. पण मग पाणी कुठून आलं ते सांग.” तो गप्प झाला. शब्द त्याला क्लासमध्ये मिळाला होता, पाणी मात्र अजून कुठूनच आलेलं नव्हतं.

“पाझरतंय की नाही हे तपासायचं कसं?” बाईंनी पुढे विचारलं. बरीच कुजबुज झाली आणि एका गटाने सुचवलं, पाण्यात रंग घालूया. बाईंनी कोकम सरबताची बाटली काढून दिली. पेल्यातलं पाणी लालभडक झालं. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने टिपले, तर रुमाल नुसता ओला. डाग नाही.

माठवाला मुलगा मात्र हटला नाही. त्याने दुसरा पेला पुसून कोरडा केला, अर्धाच भरला आणि थांबला. मग सगळ्यांना बोलावून दाखवलं. “बघा, आत पाणी आहे तिथपर्यंतच थेंब आलेत. वरचा भाग कोरडा आहे. म्हणजे पाणी आतूनच येतंय. रंग आतच राहत असेल, गाळल्यासारखा.”

मी अक्षरशः बघत राहिले. अकरा वर्षांचं मूल, चुकीच्या बाजूने का होईना, पुरावा मांडून भांडत होतं. आणि त्याचा पुरावा खोटा नव्हता. थेंब खरंच पाण्याच्या रेषेपर्यंतच होते.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “बाई, रिकामाच पेला गार करून बघितला तर?” आणि घंटा झाली. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून आणायचा, एवढंच सांगून त्या पुढच्या वर्गावर गेल्या. माझ्या शेजारी बसलेले एक बाबा हळूच म्हणाले, “सबंध तास गेला हो, आणि उत्तर काही सांगितलं नाही.”

त्यांची कळकळ मला समजत होती. तुमच्या-माझ्या मनात हेच येतं. आपण शाळेत असताना तास असाच मोजायला शिकलो, फळ्यावर किती भरलं आणि वहीत किती उतरलं यावर.

त्या संध्याकाळी लेकीने मसाल्याच्या डब्यातली एक रिकामी स्टीलची वाटी घासून पुसून घेतली, तिच्यावर झाकण घट्ट बसवलं आणि फ्रीजरमध्ये ठेवून दिली. जेवणानंतर बाहेर काढली. आधी तिच्यावर पांढुरकं धुकं जमलं, मग त्याचे थेंब झाले, मग थेंब एकमेकांत मिसळून ओघळायला लागले. तिने झाकण उघडून आत बोट फिरवलं. “आई, आत काहीच नाहीये. मग पाझरेल काय?” थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “पण त्याचा अर्धा पेला? तिथे पाण्यापर्यंतच का आले होते?” पुन्हा उठली, पेल्यात अर्ध्यापर्यंत बर्फाचं पाणी घेतलं आणि बाहेरून वरखाली हात लावून बघत बसली. खाली चटका बसेल इतकं गार, वर तितकं नाही. तिचं तिला कळलं. जिथे गार, तिथे थेंब.

आता हवेत न दिसणारी वाफ असते, गार धातूला लागून ती निवते आणि तिचं पाणी होतं, हे वाक्य दोन मिनिटांत सांगून झालं असतं. ते तिला पाठही झालं असतं. पण माठ डोक्यात तसाच राहिला असता, कारण माठ पाझरताना तिने रोज बघितलाय आणि वाफ कधीच बघितलेली नाही. मुलं शाळेत रिकाम्या डोक्याने येत नाहीत. जगाबद्दल त्यांचे स्वतःचे हिशेब झालेले असतात आणि ते बऱ्यापैकी शहाणपणाचे असतात. वरून योग्य वाक्य ओतलं म्हणून आतला जुना हिशेब पुसला जात नाही. तो त्यांनीच मोडावा लागतो.

हे फक्त लहानांचं नाही. अमेरिकेत १९९७ सालच्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ नावाच्या माहितीपटासाठी एमआयटीच्या पदवीदान समारंभात ताज्या पदवीधरांच्या हातात एक सेल, एक तार आणि एक छोटा बल्ब दिला आणि दिवा पेटवून दाखवा म्हटलं. जगातल्या नामांकित तंत्रसंस्थेतून त्याच दिवशी पदवी घेतलेली मुलं, पण त्यातल्या कित्येकांना तो पेटवता आला नाही. बल्बला जोडणी दोन ठिकाणी लागते, एक बुडाला आणि एक बाजूच्या धातूला, हे त्यांनी कधी हाताने केलेलंच नव्हतं. समीकरणं मात्र सगळी सोडवून झालेली होती.

मुलांना प्रयोग ‘दाखवला’ आणि त्यांनी तो केला, यात म्हणूनच फार फरक आहे. यूट्यूबवर प्रयोग बघितलेलं मूल म्हणतं, “मला माहितीये काय होतं ते.” त्याला शेवट माहीत असतो. शंका घ्यायची संधी त्याला मिळालेलीच नसते.

एक साधी गोष्ट घरी करून बघण्यासारखी आहे. कुठलाही उद्योग सुरू करायच्या आधी सगळ्यांनी आपापला अंदाज सांगायचा, आईबाबांनी आणि आजीनेसुद्धा. बर्फाचा एक खडा उघड्या ताटलीत ठेवायचा, तेवढाच दुसरा लोकरीच्या टोपीत गुंडाळून. कुठला आधी वितळेल? बहुतेक मुलं टोपीतला म्हणतात, कारण लोकर गरम असते असा त्यांचा अनुभव आहे. प्रत्यक्षात टोपीतला बर्फ जास्त वेळ टिकतो. लोकर स्वतः उष्णता देत नाही, बाहेरची आत आणि आतली बाहेर सहज जाऊ देत नाही. बर्फाच्या लाद्या गोणपाटात आणि लाकडाच्या भुश्यात ठेवतात, ते का, हे एखादे आजोबाच मग सांगून टाकतात. अंदाज सगळ्यांचेच घेतलेले असले की चुकण्याची लाज उरत नाही. आपला अंदाज चुकला म्हणून आई हसली, हे बघणं मुलाला फार गरजेचं असतं.

कारण चुकण्याची भीती मुलांच्या मनात आपल्याला वाटते त्यापेक्षा खोल गेलेली आहे. मला ती दिसली मटकीच्या वाटीत.

बियांना रुजायला काय काय लागतं, असा गृहपाठ होता. तीन वाट्यांत मटकी ठेवायची. एकीत कोरडी, दुसरीत ओल्या फडक्यात, तिसरीत पूर्ण पाण्यात बुडालेली. आपल्या घरांत उसळीसाठी आठवड्याला मोड आणतात, त्यामुळे सामान शोधायला लागलं नाही. पुस्तकाचं म्हणणं असं, की हवा मिळत नसल्यामुळे बुडालेल्या बिया रुजत नाहीत. दुसऱ्या दिवशी लेक वाट्या घेऊन बसली. कोरडी मटकी तशीच. फडक्यातल्या मटकीला छान मोड. आणि पाण्यातल्या काही दाण्यांना इवलंसं, तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक.

तिने वहीत लिहिलं, ‘थोडे मोड आले.’ मग पुस्तक उघडलं. आणि मग खोडरबर हातात घेतलं.

मी विचारलं, “खोडतेस का गं?”

“पुस्तकात ‘येत नाहीत’ असं आहे.”

“तुला काय दिसलं?”

“आलेत. पण मग उत्तर चुकेल ना.”

हे वाक्य ऐकून पोटात कालवलं. समोर वाटीत दिसतंय, ते खोडून छापलेलं लिहायचं, हे या वयात तिला कुणी शिकवलं? कुणा एकाने नाही. लाल पेनाने, चाचण्यांनी, ‘जसंच्या तसं लिही, मार्क जातील’ म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी मिळून, काळजीपोटी. विज्ञानाचा पाया एवढाच आहे, की दिसलं ते लिहायचं. आणि मार्कांच्या धाकाने पहिल्यांदा खोडलं जातं ते तेच.

तिने ते तसंच राहू दिलं. पुढच्या दोन दिवसांत फडक्यातले मोड लांबलचक झाले, पाण्यातली टोकं मात्र तेवढीच राहिली, पाण्याला फेस आला आणि वास सुटला. तिने तेही लिहिलं. वर्गात सांगितलं तेव्हा कळलं, की आणखी काही जणांच्या वाटीत तसंच झालं होतं आणि बहुतेकांनी ते खोडलं होतं. बाईंनी त्यावरच चर्चा घेतली. पाण्यातही थोडी हवा विरघळलेली असते, मासे तिच्यावरच जगतात, तेवढ्यावर बीने सुरुवात केली असेल का? मग हे तपासायला एका मुलाने सुचवलं, की पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवायची, झाकून गार करायचं आणि मटकी घातल्यावर वरून तेलाचा थर द्यायचा. हा प्रयोग तुमच्या घरी नक्की करून बघा. काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

अशा शिकवण्याचा आपल्या देशात मोठा आणि जुना अनुभव आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा सरकारी शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथले शास्त्रज्ञ शिक्षकांबरोबर बसले. पुढे १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि तिने तो चालवला. खेड्यातल्या साध्या शाळा, प्रयोगशाळा नाही. मुलं चौघाचौघांच्या गटात बसायची, स्वस्तातल्या सामानाने प्रयोग करायची, शेतात, ओढ्याकाठी जाऊन निरीक्षणं करायची. परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर नेता यायची, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी असायची. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा म्हटल्यावर आपल्या पोटात गोळा येतो, पण ज्याचं उत्तर पुस्तकात तयार नाही असा प्रश्न विचारायचा झाला, तर पुस्तक उघडं असलं काय आणि मिटलेलं असलं काय!

त्या कार्यक्रमात सवालीराम नावाचं एक पात्र होतं. मुलांनी मनातला कुठलाही प्रश्न सवालीरामला पत्राने विचारायचा आणि त्याचं उत्तर घरपोच यायचं. खेड्यातल्या मुलाच्या प्रश्नाला कुणीतरी मोठं माणूस बसून, विचार करून उत्तर लिहितंय, ही गोष्टच मला फार हलवून जाते. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांचंही असंच होतं. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल.

होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षं चालला, शेकडो शाळांपर्यंत पोचला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. मला त्याचं वाईट वाटतं. चांगलं शिकवणं टिकायला नुसते चांगले शिक्षक पुरत नाहीत, त्यांच्या मागे पालक उभे असावे लागतात.

त्याच कार्यक्रमाने आपल्याला अरविंद गुप्ता दिले. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्याला टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादला गेले आणि तिथल्या बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी सापडली. नळीचे तुकडे करून त्यात काड्यापेटीच्या काड्या खोचल्या की आकार तयार होतात. चौकोन केला तर बोटाने दाबल्यावर तो कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. एवढं हाताला कळलेलं मूल पुढच्या वेळी लोखंडी पूल किंवा विजेचा मनोरा बघतं, तेव्हा त्याला जागोजाग त्रिकोण दिसायला लागतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी पुढे कितीतरी वर्षं मुलांबरोबर अशीच खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळणी इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतूनही. दर महिन्याला घरी येणाऱ्या महागड्या सायन्स किटची जाहिरात बघून मन हलतं तेव्हा हे आठवावं. किट वाईट नसतं, पण त्यात बहुतेकदा पायरी एक ते पायरी सात छापलेल्या असतात आणि मूल त्या पाळतं. स्वतःचा प्रश्न त्या खोक्यात मिळत नाही.

प्रश्नांचं काय करायचं, हीच खरी आपली अडचण आहे. सकाळच्या गडबडीत पोळी तव्यावर असताना मुलं “पोळी का फुगते?” विचारतात. आपण म्हणतो, “आधी दूध पी.” कधी आपण चटकन उत्तर देऊन मोकळे होतो, कधी “गुगलला विचार” म्हणतो. वेळ नसतो हो खरंच. दमलेल्या माणसाने प्रत्येक प्रश्नाचा प्रयोग करायचा म्हटलं तर घर चालायचं नाही.

आमच्याकडे मग फ्रीजवर एक कागद लावलाय. प्रश्न त्यावर लिहायचा, रविवारी त्यातला एक निवडायचा. काही प्रश्न तसेच राहतात, राहू देत. निवडताना आम्ही एक बघतो. ‘का’चं उत्तर आपल्यालाही येत नाही, पण ‘काय केलं तर काय होईल’ असं फिरवलं की करण्यासारखं काहीतरी हाती लागतं. पोळी का फुगते? मग कणीक घट्ट भिजवली तर फुगेल का? लाटताना मध्ये भोक पडलं तर? पीठ ज्वारीचं घेतलं तर? मुलाला तेवढ्यात कणीकही मळता येते.

यावरून आणखी एक. वर्गात गट पाडून प्रयोग सुरू झाला, की हळूहळू वही मुलीकडे जाते आणि लोहचुंबक मुलाकडे. तिचं अक्षर चांगलं असतं म्हणून. मागच्या बाकावरून मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय. घरीही ट्यूबलाइट बदलताना स्टूल धरायला मुलगा लागतो आणि डाळ शिजली का बघायला मुलगी. शाळेत बाईंना याबद्दल जरूर सांगा, आणि घरी स्क्रू ड्रायव्हर आणि कुकर दोन्हीपाशी दोघांनाही येऊ द्या.

पसारा होतोच. हळदीचं पाणी कागदावर लावून वाळवायचं आणि त्यावर साबणाचं पाणी टाकायचं म्हटलं, की ओट्यावर पिवळे-लाल डाग पडणार. तुमच्या पांढऱ्या कुर्त्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल का झाला होता, हे त्यातच कळतं. लिंबू पिळलं की तो कागद पुन्हा पिवळा होतो. पानाचा चुना वापरायचा असेल तर मात्र मोठं माणूस शेजारी हवं, डोळ्यात गेला तर इजा होते. घरातल्या विजेच्या बोर्डाला कधीच हात नाही, प्रयोग सेलवरच. भिंग घेऊन सूर्याकडे बघायचं नाही. एवढी शिस्त ठेवली तर बाकी सांडलवंड पुसून निघते.

आता मार्कांचं. त्याशिवाय आपलं बोलणं पुरं होणार नाही हे मलाही माहीत आहे. हाताने करून शिकलेलं मूल पुढच्याच चाचणीत जास्त मार्क आणेल, असं मी म्हणणार नाही. चाचणी जर रिकाम्या जागा भरण्याचीच असेल, तर पाठांतरवाल्याचं काम सोपं. पण त्या वाटीच्या उद्योगानंतर लेकीने पुस्तकातला संघननाचा परिच्छेद एकदाच वाचला आणि पुस्तक मिटलं, हे मी बघितलंय. परीक्षेच्या आठवड्यात प्रश्नोत्तरं पाठ करायला लागली तर करू द्या, त्यात काही बिघडत नाही. फक्त वर्षभर तेवढंच नको. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो, तो मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून. आता त्या प्रकल्पाचेही क्लास निघालेत. मूल स्पर्धेला बसणार असेल तर प्रकल्प त्याचाच राहू द्या, साधा झाला तरी.

आणि शिक्षकांचं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात करून शिकण्यावर भर दिलेला आहे. पण वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, काचसामान फुटलं तर भरून कोण देणार म्हणून कुलपातलं कपाट, वरून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. या सगळ्यातून एखाद्या बाई बर्फ आणि कोकम घेऊन वर्गात येतात, तेव्हा त्यांनी किती आधीपासून तयारी केलेली असते! त्यांना मुख्याध्यापकांचा प्रश्न येतो तो पोर्शनचा, आणि आपला मेसेजही पोर्शनचाच. मग त्याही थकतात आणि फळ्यावर उत्तरं लिहून द्यायला लागतात. ती त्यांच्यासाठीही सोपी वाट आहे.

म्हणून एक विनंती करते. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा ‘किती धडे झाले’ याच्या आधी विज्ञानाच्या बाईंना एवढं विचारा, की मुलं प्रयोग स्वतःच्या हाताने करतात का, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवंय. रिकाम्या बाटल्या, झाकणं, जुने सेल, मूठभर मटकी, नाहीतर सांडलेलं पुसायला एक तासभर तुम्ही. यातलं काहीतरी प्रत्येकाकडे असतंच.